मागच्या स्पीकरांविरुद्ध माझे म्हणणे

आप्पा,

या महिन्यातले माझे बरेच दिवस एका साध्या खरेदीपायी नासले, आणि त्याची जबाबदारी मोठ्या प्रमाणात तुमच्यावर येते, असे माझे म्हणणे आहे. तुम्हाला जाऊन इतका काळ लोटल्यावर तुमच्यावर आरोप ठेवणे न्यायाला धरून नाही, हे मला कळते. पण आरोप कोणावर ठेवावा याचा मी पुरेसा विचार केला आहे. दुकानदारावर तो ठेवता येत नाही, कारण त्याने जे केले ते कोणत्याही शहाण्या दुकानदाराने केले असते. माझ्या पाठच्या धाकट्यावर ठेवता येत नाही, कारण आपल्याला काय हवे ते त्याने सुरुवातीलाच सांगितले होते. स्वतःवर ठेवण्याची सवय मला कधी लागली नाही. उरता तुम्ही.

तुमच्या वेळी घरात आवाज करणारी वस्तू एकच होती, फळीवरचा रेडिओ, आणि तो एकाच बाजूने बोलत असे. आता टीव्हीला जोडायचे संच मिळतात. तीन स्पीकर समोर, दोन ऐकणाऱ्याच्या मागे, आणि शिवाय जमिनीवर ठेवायची एक जाडजूड पेटी, जिचे काम केवळ धडधडणे. माणसांचे बोलणे समोरच्या मधल्या स्पीकरमधून येते. मागच्या दोहोंमधून टाळ्या, पाऊस, गर्दी, असे सगळे फुटकळ येते. चित्रपटगृहात बसल्यासारखे वाटावे म्हणून लोक हे घरात लावतात. घरात बसल्यावर घरात बसल्यासारखे का वाटू नये, हा प्रश्न मी इथे बाजूला ठेवते, कारण हा संच मला माझ्यासाठी घ्यायचा नव्हता.

तो धाकट्यासाठी होता. साखरेने त्याची दृष्टी नेली, आप्पा. आधी एक डोळा, मग दुसरा. त्याची बायको त्यापूर्वीच गेली होती, आणि मुलगा पुण्यात दोन खोल्यांत संसार करतो. म्हणून मी धाकट्याला दौंडहून शिरूरला माझ्याकडे आणले. त्याला विचारून आणले, असे मी म्हणणार नाही. निवृत्त झाल्यावर तुम्ही बांधलेले ते रुळांच्या हाकेवरचे घर बंद केले आणि किल्ली माझ्या कपाटात ठेवली. इथे त्याला वेगळी खोली आहे, वेळेवर जेवण आहे, इन्सुलिन टोचायला मी आहे. यात तक्रारीला जागा नव्हती, असा माझा समज होता.

तुम्हाला आठवत असेल, मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायला शिरूरला आले तेव्हा तुम्ही विचारले होते, "रेल्वे न्हाई त्या गावात? मंग जाता-येता कसं गं?" शिरूरला रेल्वे नाही हेच माझ्या दृष्टीने त्या गावाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य होते, हे मी तुम्हाला त्या वेळी सांगितले नाही. नगर रस्त्याचा गोंगाट इथे आहे, पण तो सलग असतो, माणूस त्याच्यावरून बोलू शकतो. वाक्य सुरू केले की ते संपेपर्यंत कोणी मध्ये येत नाही, असे गाव मला हवे होते आणि ते मला मिळाले. धाकट्याला नेमके तेच सोसेना. "ताई," तो एकदा जेवताना म्हणाला, "तुझ्या घराला बाजूच न्हाईत."

"म्हणजे काय?"

"दौंडला इंजनानं शिट्टी दिली की कळायचं, हिकडं टेसन, हिकडं चूल, आन् हितं आपण. हितं समदं सारखंच. मी कुठं बसलोय तेच कळत न्हाई."

हळूहळू त्याने दिवाणखान्यात येणे सोडले. पलंगावर भिंतीला पाठ लावून बसायचा, कारण निदान भिंत कुठे आहे ते पाठीला कळते. मग एक दिवस म्हणाला, दिवाळी झाली की मी दौंडला जातो, शेजारीण डबा देईल, तू किल्ली दे. ज्याला दिसत नाही तो माणूस एकटा, बंद घरात, आणि दुकानात जायचे तर रूळ ओलांडायची त्याला लहानपणापासूनची सवय. पूल आहे, पण पुलावरून जाणे त्याने आयुष्यभर कमीपणाचे मानले. मी नकार दिला, त्याने पाठ भिंतीला टेकवली. मी कारणे दिली, त्याने ती आणखी घट्ट टेकवली. शेवटी एवढेच म्हणाला, "मंग त्या टीव्हीला चारी बाजूंनी आवाज येणारं काहीतरी लाव. मॅच तरी नीट ऐकू दे."

मागणी माफक होती. मी ती सुधारून घेतली. माझा युक्तिवाद असा होता: ज्याला दिसत नाही त्याला शब्दांचाच आधार असतो. शब्द मधल्या स्पीकरमधून येतात. पेन्शन मर्यादित आहे, तेव्हा जो काही खर्च करायचा तो मधल्या स्पीकरवर करावा. समोर तीन चांगले स्पीकर असलेला संच घ्यावा आणि मागच्या दोन स्पीकरांची, म्हणजे टाळ्या आणि पावसाची, चैन टाळावी. त्या वेळी मला यात कुठे फट दिसली नाही. पुण्याला धाकट्याच्या मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "आत्या, तू फक्त बजेट सांग." ते सांगितल्यावर म्हणाला, "थोडं वाढव ना, मग बघ काय भारी येतं." ते थोडे वाढवले की त्याच्या पुढचा भारी संच अजून थोडा पुढे असतो. एकेक दाणा वाढवल्याने कधी ढीग होत नाही, हे तर्कशास्त्रातले कोडे मी पोरांना वर्षानुवर्षे शिकवले, आणि माझ्याच घरातला पोरगा मला दाणा दाणा करून ढिगावर चढवू पाहत होता. मी म्हणाले, मर्यादा ती मर्यादा. तो म्हणाला, "मग मी तुला व्हिडिओ पाठवतो." त्याने पाठवलेल्या सगळ्या व्हिडिओंत एकेक तरुण खोकी उघडत होता आणि एकानेही शब्द स्पष्ट येतात का, हे सांगितले नाही.

म्हणून मी स्वतः दुकानात गेले. एस.टी. स्टँडच्या रस्त्यावर मोठे काचेचे दुकान झाले आहे. दुकानदाराने मला पंख्याखाली बसवले, चहा मागवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, किती वॉटचा पायजे?"

"वॉट हे उत्तर झाले," मी म्हणाले. "आधी प्रश्न काय आहे तो पाहू. खोली केवढी, ऐकणारा कोण, ऐकायचे काय."

त्याने थोडा विचार केला. "मॅडम, तुम्ही बेस ऐका नुसता. खिडकीची काच वाजली पायजे. न्हाई वाजली तर नाव बदलीन."

"माझ्या खिडकीच्या काचा वाजाव्यात, अशी माझी इच्छा नाही."

शेजारी कारेगावचा एक कामगार हप्त्यावर मोठा टीव्ही घ्यायला आला होता. गळ्यात कंपनीचे ओळखपत्र, बरोबर बायको. तो हसून म्हणाला, "काच न्हाई वाजली तर शेजाऱ्याला कळणार कसं मॅडम, नवीन घेतलंय म्हणून?"

"आपल्या शेजाऱ्याला समदं कळतंय," बायको म्हणाली. "त्यो भिंतीला कान लावूनच बसलेला असतोय."

तरीही सगळे नीट चालले होते. समोरच्या तीन स्पीकरांचा संच मी बातम्या लावून ऐकला. शब्द स्वच्छ येत होते. किंमत माझ्या मर्यादेत बसत होती. शेजारीच मागच्या स्पीकरांसह पाचांचा संच होता. तोही मर्यादेत बसत होता, पण तेवढ्याच पैशात जास्त खोकी याचा अर्थ प्रत्येक खोक्यात कमी माल, हे उघड आहे. मी दुकानदाराला तसे समजावून सांगत होते. तो मान डोलवत होता आणि विक्रेत्यांच्या रीतीप्रमाणे ऐकत नव्हता. माझे बोलणे चालू असतानाच, जाता जाता हेही बघा म्हणून, त्याने पाचांच्या संचावर कसलीशी चकचकीत चित्रफीत लावली. मी म्हणत होते, "तेव्हा माझा निर्णय झाला आहे, आणि". तेवढ्यात माझ्या डाव्या खांद्यामागून आगगाडी आली.

आता तुमच्यावरचा आरोप, आप्पा.

स्वयंपाकघर समोर दिसते आहे. आपल्या रेल्वे क्वार्टरच्या मागे यार्ड. आई भाकरी थापते आहे, तुम्ही ड्यूटीवरून येऊन, हातापायांची काजळी धुऊन पाटावर बसला आहात. मी शाळेतल्या वादविवादात हरून आले आहे आणि परीक्षक कसे चुकले हे तावातावाने सांगते आहे. मागून मालगाडी येते. मी थांबत नाही, गाडीवर आवाज चढवून ओरडत राहते. तुम्ही माझ्याकडे पाहत नाही, वाटीतल्या कालवणाकडे पाहता. तव्यावरची भाकरी एका बाजूने भाजून होते, आई ती उलटते, तेव्हा कुठे शेवटचा डबा जातो. मग तुम्ही म्हणता, "गाडी जाईस्तोवर तुझा मुद्दा पळून जातो व्हय गं? पळून जात आसंल तर तो तुझा न्हवताच."

त्यानंतर मी गाडीवर कधी ओरडले नाही. आपल्या घरात कोणीच ओरडत नसे. गाडी आली की वाक्य जिथे असेल तिथे थांबायचे, आणि गेली की पुढच्या शब्दापासून सुरू करायचे. पण गाडी गेल्यावर आधी कोण बोलणार, यावरून माझी आणि धाकट्याची भांडणे होऊ लागली, तेव्हा तुम्ही दुसरा नियम केलात: ज्याचे वाक्य अडले आहे त्याने जवळच्या वस्तूवर बोट टेकवून ठेवायचे, पुस्तकात खूण म्हणून बोट ठेवतात तसे. ज्याचे बोट टेकलेले, त्याची पाळी. आई पोळपाटाच्या कडेवर पिठाचे बोट ठेवायची. धाकटा तर गाडीची चाहूल लागताच, बोलत नसतानाही, ताटावर बोट टेकवायचा आणि गाडी गेल्यावर सगळे त्याच्याकडे पाहू लागले की म्हणायचा, "काय न्हाई, आसंच." तुम्ही हसायचात. मला ते मुळीच आवडत नसे. पुढे मी जे काही बोलायला शिकले ते त्या थांबण्यातून शिकले, हे मी नाकारत नाही. अर्ध्या वाक्यावर उभे राहून पुढचे अर्धे तपासून पाहायला सवड मिळे. पण असला नियम मुलांना लावताना तो रुळांपासून दूर कसा वागेल, याचा विचार तुम्ही करायला हवा होता.

तर शिरूरच्या काचेच्या दुकानात, जिथे जवळपास एकही रूळ नाही, माझ्या मागून गाडी आली आणि मी थांबले. थांबले एवढेच नव्हे, तर शेजारच्या वस्तूवर बोट टेकवले. शेजारची वस्तू म्हणजे पाचांच्या संचाचे खोके. दुकानदाराचे ओठ हलताना दिसले. काही तरी विचारत असावा, असे मला वाटले, आणि गाडी चालू असताना विचारणाऱ्या माणसाला आपल्या घरात उत्तर देत नसत. मी शांतपणे त्याच्याकडे पाहत राहिले. गाडी माझ्या उजव्या हाताने पुढे निघून गेली. मी खोक्यावरचे बोट उचलले आणि अडलेल्या शब्दापासून वाक्य पुरे केले: "आणि तो मी बदलणार नाही. घरी पोहोचवा."

"एक नंबर, मॅडम!" दुकानदार म्हणाला. त्याच्या उत्साहाचे कारण मला तेव्हा कळले नाही. कारेगावच्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, "बघा, मास्तरीणबाईंनी शेवटाला मोठाच घेतला." हा शेरा मी ऐकला, आणि लोकांना कशातले काय कळते, असे मनाशी म्हणून सोडून दिला.

सामान आले तेव्हा मी बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेले होते. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला फार वेळ लागतो. पैशांचे पाकीट मी धाकट्याजवळ ठेवले होतेच. त्याने ते दिले, माणसाने भिंतीला भोके पाडली, वायरी ओढल्या आणि निघून गेला. मी परत आले तर दिवाणखान्यात हजारो लोक ओरडत होते. भांड्यांच्या फळीवरच्या वाट्या थरथरत होत्या. मधला स्पीकर, ज्याच्यावर माझा सगळा युक्तिवाद उभा होता, साबणाच्या डबीएवढा होता, आणि समालोचक त्याच्या आतून, उशीखाली तोंड धरल्यासारखा बोलत होता. मी तिथूनच दुकानात फोन लावला.

"मॅडम, तुम्हीच बोट ठिवून दावलं की!" दुकानदार कळवळून म्हणाला. "मी इचारलं, हाच पॅक करू ना? तुम्ही गप. मौन म्हंजी होकार, हे तर तुम्हीच शिकवलं आसंल कॉलेजात."

मी नेमके उलटे शिकवले होते. मौनातून काहीही सिद्ध होत नाही, ना होकार ना नकार, यावर माझा एक संपूर्ण तास असायचा. पण तो फोनवर घेणे शक्य नव्हते. "बदलून द्या," मी म्हणाले. तो बिचारा लगेच तयार झाला. "कवाबी सांगा मॅडम, माणूस पाठवतो, दुसरा संच देतो. भिंतीच्या भोकांचं तेवढं तुमचं तुम्ही बघा."

हे सगळे बोलणे मी खोलीच्या दारात उभी राहून केले, आणि फोन ठेवल्यावर माझे लक्ष धाकट्याकडे गेले. त्याने खुर्ची भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्यभागी आणली होती. माझ्या घरात आल्यापासून पाठीला भिंत नसताना तो कधी बसला नव्हता. मी त्याला हाक मारली.

"थांब ताई," तो म्हणाला आणि मान मागे वळवली, जिकडे शेल्फाखेरीज काही नाही तिकडे. "मागं कोणतरी शिट्ट्या मारतंय. पोरं हायेत. आन् ह्या अंगाला ढोल. ऐक, ऐक."

"समालोचन कळते का? शब्द?"

"शब्दांचा काय तोटा हाय व्हय ह्या घरात?" तो हसला. "तू हायस की." मग म्हणाला, "मला बसायला जागा पायजे हुती. ही गावली."

चूक माझ्या पहिल्याच विधानात होती. ज्याला दिसत नाही त्याला शब्द हवेत, हे मी तपासून न पाहता गृहीत धरले होते, कारण मला स्वतःला दिसेनासे झाले तर मला शब्द हवे असतील. हे कळल्याने माझी चीड कमी झाली, असे समजू नका. चुकीच्या वाटेने आलेला बरोबर निष्कर्ष मला साध्या चुकीपेक्षा नेहमीच जास्त त्रास देतो. साध्या चुकीला निदान खोडता तरी येते.

तेव्हापासून मी रोज चिडते, आणि त्याला कारणेही आहेत. बातम्या देणारी बाई काय म्हणते ते मला कळत नाही. ती जमिनीवरची पेटी साध्या जाहिरातीलाही भूकंपासारखी घेते. वायरीत माझा पाय अडकतो, तिथून बिनदिक्कत चालत जातो तो फक्त धाकटा. हो, तो चालतो. सकाळी उठून आवाजाच्या रोखाने एकटा दिवाणखान्यात येतो, हात भिंतीला न लावता. पंचांना शिव्या देतो, त्या अर्थात दौंडच्या. परवा पावसाचा कुठला तरी प्रसंग लागला तर मला म्हणाला, मागच्या दोरीवरचे कपडे काढ, आणि मग स्वतःच इतका हसला की त्याला ठसका लागला. दिवाळीनंतरचे बोलणे त्याने पुन्हा काढलेले नाही. मीही काढलेले नाही.

पण तो तुमचा मुलगा आहे. ऐकण्यातले त्याला सगळे कळते. माझे उसासेही त्याने ऐकले असणार. काल चहा घेताना म्हणाला, "ताई, तुझं म्हणणं बरोबर हुतं. शब्द न्हाईतच येत ह्याच्यातनं. तुला बातम्या कळंनात, रोज चिडचिड करतीस. फोन कर त्याला, बदलून आण तुझावाला. मी काय, बसंन हाय तसा."

तो मनापासून म्हणत होता, हे वाईट. माझे म्हणणे बरोबर आहे असे कोणी इतक्या सरळपणे मान्य केल्याला बरीच वर्षे झाली असतील. त्याच्या हाय तसा बसण्याचा अर्थही मला पाठ आहे: खुर्ची परत भिंतीला, मग खुर्चीवरून पलंगावर, मग किल्ली. मी कपातला चहा संपवला आणि त्याला सांगितले, "त्या दुकानात विकलेला माल बदलून देत नाहीत."

वाक्य पूर्ण होते, स्पष्ट होते आणि असत्य होते. तो म्हणाला, "मंग भोग आता," आणि चाचपडत रिमोट घेऊन आवाज वाढवला. दुकानदाराचा आज सकाळीही फोन आला होता, मॅडम, माणूस कधी पाठवू म्हणून. मी अंगणात जाऊन त्याला सांगितले की पाठवू नका, आणि पुन्हा फोन करायचा तर दुपारी करा, तेव्हा माझे भाऊ झोपलेले असतात.

या घरात जे जे लिहिलेले येते ते मीच धाकट्याला वाचून दाखवते: विजेचे बिल, औषधांवरच्या सूचना, त्याच्या मुलाचे मोबाइलवरचे निरोप. हा कागद मी त्याला वाचून दाखवणार नाही. तुम्हाला तो पाठवता येत नाही आणि त्याला तो वाचता येत नाही, म्हणूनच इतके खरे लिहिता आले.